कूलंटची हवा काढली तरी काटा पुन्हा वर चढतोय? हवा शिरते कुठून ते आधी शोधा

तक्रार दर उन्हाळ्यात तीच असते. गाडी गावात फिरते तोवर काही नाही. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढायला लागलं, पुढे लोड भरलेला कंटेनर, ओव्हरटेकला जागा नाही, एसी चालू, बाहेर ४२ अंश, की इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्यावरून वर सरकायला लागतो. गाडी बाजूला घेऊन थांबलं की थोड्या वेळात आपोआप खाली येतो. मिस्त्री म्हणतो, "एअर धरलीय," म्हणजे कूलंटमध्ये, इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, हवा अडकलीय. हवा काढतो, कूलंट टाकतो, पैसे घेतो. आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग ये रे माझ्या मागल्या.

मिस्त्रीचं निदान बहुतेक वेळा बरोबर असतं. हवा असतेच. पण बंद सिस्टीममध्ये हवा आपोआप तयार होत नाही. ती एकतर भरताना आत राहून गेलेली असते, नाहीतर कुठून तरी रोज शिरत असते. राहून गेलेली असेल तर एकदा नीट काढली की विषय संपला. शिरत असेल तर कितीही वेळा काढा, ती परत येणार. गॅरेजमध्ये घोळ होतो तो इथेच. दुसऱ्या दुखण्यावर पहिलंच औषध पुन्हापुन्हा चालू राहतं.

हवेनं नेमकं काय बिघडतं

विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीचा फूटवॉल्व्ह गळायला लागला की काय होतं ते शेतात वावरणाऱ्याला सांगावं लागत नाही. मोटार फिरते, घरघरते, पण पाणी उचलत नाही, कारण आतल्या पंख्याला ढकलायला पाणीच नसतं. इंजिनचा वॉटर पंपही त्याच सेंट्रिफ्यूगल जातीचा. त्याच्याजवळ हवा गोळा झाली की पट्टा फिरतो, पंप फिरतो आणि कूलंट जागच्या जागी राहतं.

दुसरा त्रास हेडमध्ये होतो. हवा वर जाते, आणि इंजिनात सगळ्यात उंच आणि सगळ्यात गरम जागा म्हणजे हेड, सिलिंडरच्या वर बसणारा भाग. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास हवेचा खिसा राहिला की तिथलं धातू थंड करायला द्रव पोचत नाही. काठावरचं कूलंट उकळून वाफ होते, खिसा मोठा होतो, आणि घाट संपून लोड उतरला की पुन्हा लहान होतो. काटा वरखाली नाचतो तो यामुळे. खरं म्हणजे काटा नाचतोय तोवर बरं. तापमानाचा सेन्सर जर त्या खिशातच कोरडा राहिला तर काटा आरामात निम्म्यावर उभा असतो आणि हेड मात्र भाजत असतं. सेन्सर कूलंटचं तापमान मोजतो, लोखंडाचं नाही.

त्यात बऱ्याच गाड्यांचा काटा मुद्दाम आळशी ठेवलेला असतो. साधारण ८० ते १०० अंशांमध्ये कूलंट कुठेही असलं तरी तो मधोमधच बसतो, म्हणजे गिऱ्हाईक घाबरत नाही. नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, निळा दिवा आणि लाल दिवा एवढंच. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा, ब्लूटूथवर चालणारा साधा ओबीडी स्कॅनर घेऊन मोबाईलवर अंशांत आकडा बघा. हजाराच्या आतबाहेर मिळतो आणि या दुखण्यात त्याचा उपयोग फार होतो. ९० वरून १०४, लगेच ९३, परत १०२ असे आकडे उड्या मारत असतील तर हवेचा संशय पक्का धरा. हळूहळू, एकसारखा चढत जाणारा आकडा असेल तर आधी रेडिएटरची जाळी, पंखा आणि आतला गाळ बघा.

बाकीच्या खुणा अशा. गाडी चालू केल्यावर डॅशबोर्डच्या मागे पाणी खळखळल्याचा आवाज. रेडिएटरच्या बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत कूलंट भरपूर, पण गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडलं तर आत पातळी बोटभर खाली. आणि सगळ्यात खात्रीची खूण आपल्याकडे कुणी बघतच नाही, ती म्हणजे हीटर. परभणीत डिसेंबरात पारा पाच-सहावर येतो तेवढे दिवस सोडले तर मराठवाड्यात हीटरची आठवण कुणाला येते? पण काटा वर असताना हीटर पूर्ण गरमवर टाकून बघा. झोत कडक गरम आला तर कूलंट फिरतंय. गार किंवा कोमट आला तर कूलंट एकतर फिरत नाहीये किंवा उरलेलंच नाही. दोन्ही बाबतीत गाडी ताबडतोब बंद करायची.

झाकणाला हात लावण्याआधी

इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात उत्तम. कारण साधं आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून जास्त उंच, तिथं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकण सिस्टीममध्ये दाब धरून ठेवतं म्हणून उकळण्याचा बिंदू वर जातो. ०.९ बारच्या झाकणाखाली तेच पाणी साधारण ११८ ते १२० पर्यंत उकळत नाही, निम्मं-निम्मं कूलंट असेल तर आणखी वर. ११० अंशांवर शांत दिसणारं कूलंट झाकण सैल होताच एका क्षणात वाफ होतं आणि तोंडावर येतं. ओलं फडकं टाकून हळूच उघडलं तरी चालतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. वरचा होज, म्हणजे इंजिन आणि रेडिएटर जोडणारी वरची जाड रबरी नळी, हातात धरता येत नसेल तर झाकण उघडायचं नाही.

इंजिन चालू ठेवून काम करायचं आहे, तेव्हा बंद शेडमध्ये नको, मोकळ्यात करा. रेडिएटरच्या पंख्यापासून हात, उपरणं, ओढणी लांब. इलेक्ट्रिक पंखा न सांगता सुरू होतो, काही गाड्यांत चावी बंद असली तरी.

हवा काढायची रीत

आधी आपल्या गाडीची सिस्टीम कोणती ते ओळखा. मारुती ८०० आणि जुन्या ऑल्टोसारख्या गाड्यांत झाकण रेडिएटरवरच असतं आणि बाजूला प्लास्टिकची साधी बाटली असते, जिच्यात दाब नसतो. दुसऱ्या प्रकारात रेडिएटरवर झाकणच नसतं. जाड प्लास्टिकची टाकी असते, आट्याचं झाकण असतं आणि दाब त्या टाकीतच असतो. ही टाकी सहसा सगळ्यात उंचावर बसवलेली असते आणि रेडिएटरच्या किंवा हेडच्या माथ्यावरून एक बारीक नळी तिच्यात येते. हवा त्या नळीनं परतते.

गाडी अशी लावा की नाक वर येईल. शेताच्या वाटेचा चढ, गाडी धुण्याचा रॅम्प, काहीही चालतं. भरण्याचं तोंड सगळ्यात उंच झालं पाहिजे, म्हणजे हवेला तिकडेच जायची वाट राहते. हँडब्रेक ओढा आणि मागच्या चाकांना दगड लावा. चावी ऑन करून हीटर पूर्ण गरमवर टाका, हीटरचा पंखा एकवर. काही गाड्यांत हीटरकडे जाणारा व्हॉल्व्ह गारवर असताना बंद असतो, आणि तो बंद राहिला तर हीटर कोअरमधली, म्हणजे हीटरच्या छोट्या रेडिएटरमधली, हवा तिथेच अडकते.

आता ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू, शोधा. सगळ्या गाड्यांना नसतो. असला तर थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) घरावर, हीटरच्या होजवर किंवा रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात सापडतो, पितळी किंवा प्लास्टिकचा. प्लास्टिकचा असेल तर जोर लावू नका, जुना झालेला टचकन तुटतो. एक-दोन आटे सैल करा आणि तोंडातून कूलंट अगदी सावकाश ओता. घाईनं ओतलं की खाली जाणारं कूलंट वर येणाऱ्या हवेची वाट अडवतं. स्क्रूतून आधी फुसफुस, मग फेस, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार येईल. धार आली की स्क्रू बंद. ओतता ओतता वरचा मोठा होज हातानं दाबत-सोडत राहा, प्रत्येक दाबाला तोंडाशी बुडबुडे येताना दिसतील.

भरायच्या तोंडावर घट्ट बसणारं खास नरसाळं ऑनलाईन मिळतं. न मिळाल्यास दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बुडाकडून कापा, बुचाच्या बाजूला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि तोंडात घट्ट बसवा. बाटलीत चार बोटं कूलंट उभं ठेवायचं. त्यामुळे भरण्याची पातळी हीटर कोअरच्या वर जाते, आणि इंजिनानं कूलंट ओढलं तरी हवा आत जात नाही.

इंजिन चालू करा आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सोडा. पहिली काही मिनिटं थोडे बुडबुडे येतील, मग शांतता. घाईची माणसं इथेच झाकण लावून मोकळी होतात, आणि खरं काम तर अजून सुरूच झालेलं नसतं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर रेडिएटर आणि इंजिन ही दोन वेगळी भांडी असतात. खालचा होज गार असतो, वरचा तापत जातो. थर्मोस्टॅट उघडला की बाटलीतली पातळी एकदम गपकन खाली जाते आणि पाठोपाठ मोठाले बुडबुडे उसळतात. त्या क्षणी बाटलीत कूलंट नसेल तर रेडिएटर सरळ हवा ओढतो. म्हणून बाटली आधीच भरलेली हवी आणि तुम्ही जवळ उभे हवेत.

मग रेस दोन-अडीच हजारांवर नेऊन सोडा, असं काही वेळा करा. रेडिएटरचा पंखा दोनदा लागून दोनदा बंद होऊ द्या. खालचा होज गरम झाला, हीटरचा झोत कडक झाला आणि बुडबुडे थांबले की इंजिन बंद. बाटली काढण्याची घाई नको, गार होऊ द्या. गार झाल्यावर झाकण लावा आणि बाजूची बाटली वरच्या खुणेपर्यंत भरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघायची. थोडी उतरलेली असेल तर भरा, उरलीसुरली हवा दोन-तीन वेळा गरम-गार होण्यात निघून जाते. मात्र चौथ्या-पाचव्या दिवशीही पातळी उतरतच असेल तर भरणं थांबवा आणि पुढचा भाग वाचा.

एक हिशेब मात्र सुरुवातीपासून ठेवा. निघालं किती आणि गेलं किती. छोट्या गाडीत साधारण साडेतीन ते पाच लिटर मावतं, नक्की आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चार लिटरच्या सिस्टीममध्ये तीनच लिटर गेलं तर उरलेला एक लिटर म्हणजे हवा किंवा न निघालेलं जुनं कूलंट. बादलीत मोजून काढलं असेल तर दोन्हींतलं काय ते लगेच कळतं. गॅरेजमध्ये हे मोजताना मी क्वचितच कुणाला बघितलंय.

परत येणारी हवा: आधी झाकण

झाकण उलटं करून बघा. मोठा रबर वॉशर, त्याखाली स्प्रिंग, आणि मधोमध रुपयाच्या नाण्याहून लहान अशी एक चकती. स्प्रिंग दाब धरते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या चकतीचं काम मात्र कुणी विचारत नाही. इंजिन गार होताना कूलंट आकसतं आणि आत निर्वात तयार होतो. तेव्हा ही चकती खाली ओढली जाते आणि बाजूच्या बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये जातं. नखानं चकती हलकेच ओढा. सहज खाली यायला हवी आणि सोडताच परत बसायला हवी. क्षारांनी ती चिकटलेली असेल तर निर्वाताला वाट मिळत नाही. सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसला तर समजा हेच झालंय. आणि बाटलीकडून वाट मिळाली नाही की सिस्टीम सैल क्लॅम्पातून, जुन्या होजच्या टोकातून, जिथून जमेल तिथून हवा ओढते.

झाकण ठीक असेल तर रेडिएटरच्या तोंडापासून बाजूच्या बाटलीपर्यंतची बारीक नळी बघा. उन्हाळ्यात बॉनेटखाली रबर भाजून निघतं आणि ही नळी टोकांना चिरते. चीर एवढीशी असते, त्यातून कूलंट ठिबकतानाही दिसत नाही, पण गार होताना त्या चिरेतून हवा आत जाते, कारण बाटलीतलं कूलंट वर ओढण्यापेक्षा ते सोपं पडतं. बाटलीच्या आत हीच नळी तळापर्यंत पोचते ना, तेही बघा. कुणीतरी बदलताना आखूड टाकलेली असते, मग ती पातळीच्या वर लोंबकळत नुसती हवा पिते.

तपासायला सोपं आहे. गाडी गरम असताना बाटलीवर मार्करनं रेघ मारा, सकाळी गार झाल्यावर दुसरी. गरमची रेघ वर, गारची खाली असायला हवी. दोन्ही एकाच जागी आल्या तर जाणं-येणं बंद आहे. गरमला वाढून सकाळी उतरलीच नाही, तर जातं पण परत येत नाही. झाकण आणि नळी मिळून काही शे रुपयांचा खर्च. मी तर हवा परत आली की झाकण तपासत बसण्यापेक्षा नवंच टाकतो. फक्त दाबाचा आकडा तोच हवा: ०.९, १.१ बार किंवा ८८, १०८ किलोपास्कल, जो जुन्यावर छापलेला असेल तो. जास्त दाबाचं टाकलं की गाडी गरम होत नाही, हा गैरसमज आहे. त्यानं उकळणं लांबतं, तापणं नाही, आणि जुना रेडिएटर फुटतो.

टाकीवाल्या सिस्टीममध्ये त्या बारीक परतीच्या नळीकडे बघा. इंजिन गरम आणि चालू असताना टाकीत तिची धार पडताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर निपल, म्हणजे ती नळी जोडलेलं बारीक तोंड, चोंदलेलं असणार. चोंदतं कशानं? क्षारांनी, आणि गळती थांबवायच्या पावडरीनं. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय आपल्याकडे पिढीजात आहे. रस्त्यात अडकलेला माणूस गावापर्यंत पोचावा एवढ्यापुरता तो ठीक. नंतर सिस्टीम धुतली नाही तर हळद वसमतची असो की सांगलीची, जाऊन त्याच बारीक निपलात आणि हीटर कोअरमध्ये बसते.

थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या

"मालक, थर्मोस्टॅट काढून टाकू, कटकटच नको." मे महिन्यात हे वाक्य ऐकलं नाही असा गाडीवाला मराठवाड्यात सापडायचा नाही. आपल्याकडे ऊन जास्त, मग गरम करायचा पार्ट हवा कशाला, असा हिशेब. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन चकत्या असतात. वरची उघडली की रेडिएटरची वाट मोकळी होते, आणि त्याच वेळी खालची चकती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून परत इंजिनात जायची, वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा. बरंचसं कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच गोल फिरत राहतं. गावात, हलक्या लोडवर काटा खाली दिसतो आणि मालक खूश. घाटात, जिथं सगळं कूलंट रेडिएटरमधून जायला हवं, तिथं गाडी आधीपेक्षा लवकर तापते. शिवाय इंजिन कधीच पुरतं गरम होत नाही, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो आणि ॲव्हरेज पडतं.

हवेशी थर्मोस्टॅटचा आणखी एक संबंध आहे. नवीन थर्मोस्टॅट हातात घेऊन बघा. कडेला एका भोकात सैल बसवलेली छोटीशी पिन असते, हलवली की खुळखुळ वाजते. इंजिन बंद असताना ती खाली लोंबते, आणि कूलंट भरताना ब्लॉकमधली हवा तिच्या बाजूनं निसटून वर जाते. इंजिन चालू झालं की पंपाचा दाब तिला ढकलून भोक बंद करतो. बसवताना ही पिन घड्याळातल्या बाराच्या जागी, म्हणजे सगळ्यात वर हवी. खाली बसवली तर हवा थर्मोस्टॅटच्या मागे अडकते, थर्मोस्टॅटच्या तापून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या गोळीला गरम कूलंटच लागत नाही आणि तो उशिरा उघडतो. नवीन थर्मोस्टॅट टाकल्यापासून त्रास सुरू झालाय अशी तक्रार आली की मी आधी पिन कुठे आहे ते उघडून बघतो. पिन नसलेल्या थर्मोस्टॅटला काही मिस्त्री दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडतात. त्यात मला वावगं वाटत नाही. सकाळी इंजिन तापायला थोडा वेळ जास्त लागेल, एवढंच.

थर्मोस्टॅट चांगला आहे का, हे घरी तपासता येतं. पाण्यात सोडा, थर्मामीटर लावा, गॅसवर तापवा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे. स्वयंपाकाचं भांडं मात्र घेऊ नका.

सीएनजी-एलपीजी किटची गाडी

बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांत हे दुखणं फार, आणि ते वेगळं सांगायला हवं. दाबाखालचा गॅस रेड्यूसरमध्ये, म्हणजे गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागात, पसरला की प्रचंड गार होतो. तो गोठू नये म्हणून हीटरच्या होजमध्ये टी जोड टाकून रेड्यूसरला गरम कूलंट फिरवतात. म्हणजे किट बसलं त्या दिवशी कूलिंग सिस्टीमला नवे जोड आणि नवे क्लॅम्प आले, आणि एक नवी उंच जागाही आली.

एका ओळखीच्या सरांच्या गाडीत हेच होतं. किट बसवल्यापासून महिन्या-पंधरवड्यानं हवा धरायची. बॉनेट उघडून सीएनजीवर चालू ठेवली तर बाहेर ४० अंश ऊन आणि रेड्यूसरच्या अंगावर पांढरं दव गोठलेलं! म्हणजे त्याच्यातून कूलंट जातच नव्हतं. रेड्यूसर भरायच्या तोंडापेक्षा वितभर वर, फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, ठोकलेला. सगळी हवा तिथं जाऊन बसायची, आणि भरणारा कितीही भरो, कूलंट तितकं वर चढायचंच नाही. रेड्यूसर खाली घेतला, होजला उलटा वळसा राहणार नाही असा ठेवला, प्लास्टिकचे टी काढून पितळी टाकले. त्यानंतर तक्रार आली नाही. तुमच्या किटचा रेड्यूसर झाकणापेक्षा उंच आहे का, हे नुसतं डोळ्यांनी दिसतं. आधी तेवढं बघा.

शेवटचा संशय: हेड गॅस्केट

बाकी सगळं ठीक असेल तर हवा इंजिनातूनच येतेय. हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पातळ सील, बारीकसं फाटलं की सिलिंडरमधला जळालेला वायू कूलंटमध्ये घुसतो. तपासणी सकाळी, गार इंजिनावर. झाकण उघडं ठेवून चालू करा. पहिल्याच मिनिटात, होज अजून गार असताना, बारीक बुडबुड्यांची सलग माळ येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल, तर ती राहिलेली हवा नव्हे. राहिलेली हवा अशी न थकता येत नाही. झाकण लावून चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांत वरचा होज गार असूनच दगडासारखा कडक झाला, तर तीच खूण. खात्रीसाठी गॅरेजमध्ये ब्लॉक टेस्ट करतात. निळ्या द्रवातून रेडिएटरच्या तोंडावरची हवा ओढतात, जळालेला वायू असेल तर द्रवाचा रंग पिवळा पडतो. डिझेल गाडीत हिरवटावर जातो.

"ऑइलमध्ये पाणी नाही, धूर पांढरा नाही, मग गॅस्केट चांगलंच," असं म्हणून पुष्कळ जण विषय संपवतात. वायू फक्त कूलंटच्या वाटेला लागला असेल तर ऑइल स्वच्छच राहतं. आणि हवेकडे सहा महिने दुर्लक्ष केलं तर चांगलं असलेलं गॅस्केटही जातं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता, याचा शोध घेत बसायला अर्थ राहत नाही. हेड उघडायचं, प्लेन म्हणजे घासून सपाट करायचं, बिल भरायचं.

वॉटर पंपाखाली एक छोटं भोक असतं. तिथं कूलंटचा वाळलेला ओघळ किंवा खडूसारखा थर दिसला तर पंपाचं सील गेलंय. गरम असताना कूलंट बाहेर, गार होताना हवा आत. पंपच बदला, नुसतं सील टाकून घेऊ नका.

बोअरचं पाणी

आपल्या बेसॉल्टातलं बोअरचं पाणी जड. कुकरच्या तळाला पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो, झाकणाची चकती चिकटवतो, निपल बुजवतो. वर सांगितलेल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या पाण्यात आहे. कूलंट कॉन्सन्ट्रेट घेतलं असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर वापरा, नाहीतर तयार मिसळलेलं कूलंट घ्या आणि त्यात काहीच टाकू नका. रंग बघून भर घालू नका, एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या जातीची असू शकतात. पुस्तिकेत लिहिलेलं तेच.

काढलेलं जुनं कूलंट गोडसर असतं आणि विषारी असतं. बादली दावणीजवळ किंवा कुत्र्याच्या तोंडाशी ठेवून चहाला जाऊ नका. कॅनमध्ये बंद करा आणि ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना वरची रीत लावू नका. त्यांच्या कूलंटला पंप बहुधा इलेक्ट्रिक असतो, हवा काढायला तो बऱ्याचदा स्कॅनरवरून चालवावा लागतो, आणि बॅटरीचं कूलंटही वेगळं असू शकतं.

घाटातच काटा चढला तर

कन्नडचा घाट असो की मांजरसुंब्याचा, आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण, काचा खाली. घाम निघेल, पण हीटर कोअर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. गिअर एक खाली घ्या, म्हणजे पंप जोरात फिरतो, आणि ॲक्सिलरेटर हलका ठेवा. काटा उतरायला लागला तर सावकाश माथ्यापर्यंत जा. लाल रेषेला टेकला किंवा हीटरचा झोत गार पडला तर लगेच बाजूला घेऊन बंद करा.

बॉनेट उघडा, झाकणाला हात लावू नका. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. इंजिनावर बाहेरून पाणी ओतू नका. आत भरायचं पाणीसुद्धा वरचा होज हातात धरवेल इतका गार झाल्यावरच, आणि तेही थोडं थोडं. बाटलीतलं पिण्याचं पाणी अशा वेळी चालतं, घरी आल्यावर सिस्टीम धुऊन पुन्हा कूलंट भरायचं. पाणी घालूनही पाच मिनिटांत काटा परत वर आला तर गाडी चालवत नेऊ नका. टोइंगचे पैसे हेडच्या कामापेक्षा कमीच होतात. आणि गॅरेजला गेल्यावर "एअर काढा" एवढंच सांगू नका, सकाळी होज चपटा होता की कडक, बाटलीवरच्या दोन रेघा कुठे होत्या आणि हीटर गरम होता की गार, हे सांगा.